न केलेला कप्पा
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला संस्थेतली मे महिन्याची ती दुपार आठवते. संगणक कक्षाचे एसी बंद पडले होते आणि तापू लागलेले मशीन दोन वाजता बंद करायचे ठरले होते. त्याआधी आमच्या विभागप्रमुख सरांच्या, विहिरींच्या पाण्याच्या नोंदी असलेल्या तीनशे फायली मला दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर नव्या कप्प्यात, म्हणजे डिरेक्टरीत, हलवायच्या होत्या. टेपवर त्यांची प्रत नव्हती. माझी नेमणूक तात्पुरती होती, म्हणून हे काम मी मागून घेतले होते. एकेक फाइल आपोआप उचलून त्या कप्प्याच्या नावावर हलवली जाईल अशी आज्ञा मी मशीनच्या युनिक्स प्रणालीला दिली. पडद्यावर चुकीची कसलीच सूचना आली नाही आणि मी ते यश समजले. मागे उभ्या ऑपरेटरकाकांनी विचारले, "मॅडम, कप्पा बनवला काय पहिले?" "नाही. का?" "अवो, कप्पाच नाही तं फायली एकावर एक चढून राहिल्या ना! थांबवा!" कप्पा नसल्याने मशीनने त्याचे नाव प्रत्येक फाइललाच दिले होते; मी थांबवले तेव्हा प्रत्येक फाइल आधीच्या फाइलला पुसून तिच्या जागी बसली होती आणि एकोणीस फायली गेल्या होत्या. काका हळूच म्हणाले, "मशीन तापलं म्हणून सांगून देऊ. कोणाले कळते?" सरांनी विचारले तेव्हा मी तेच सांगितले. पुढचे चार दिवस विहिरींवर हाताने लिहिलेल्या मूळ वहीतून त्या नोंदी मी पुन्हा भरल्या. सरांनी सर्वांसमोर माझ्या चिकाटीचे कौतुक केले आणि माझ्या कायम नेमणुकीच्या शिफारशीत तोच प्रसंग लिहिला. ते शिफारसपत्र मी अजून घरी कुणालाही वाचू दिलेले नाही.