माझ्या कालवणाला बंब आला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सांगायला लागलो की मध्ये बोललेलं मला चालत नाही. आमच्या अख्ख्या सरावली गावाला हा किस्सा माहीत आहे, पण लोक त्यात पदरचा मीठमसाला घालतात. खरा ऐका. ज्याने केला त्याच्याकडून.

आमची मंडळी केळव्याची. लग्न झाल्यापासून माहेरी कधी राहिली नाही. सकाळी जायची, संध्याकाळी परत. का? तर मला करून कोण घालणार! यंदा तिच्या भावाकडे पूजा निघाली. आठ दिवस राहायचं बोलावणं. जायची तिला फार इच्छा, पण म्हणाली, "नको. तुमाला चहापण करता येत नाय."

आता हे माणसाने ऐकून घ्यावं? उभा जन्म मी तारापूरच्या कारखान्यात काढला. एवढाल्या भट्ट्या सांभाळल्या. एक शेगडी मला जड?

"तू जा," मी म्हटलं. "आठ दिवसांच्या आत आलीस तर दार उघडणार नाय."

"जाते. पण उपाशी राहिलात असं कळलं तर तशीच उठून परत येन."

पहिला दिवस पाव-केळ्यांवर काढला. दुसऱ्या दिवशी ठरवलं, सुक्या बोंबलाचं कालवण करायचं. तिला फोन लावला.

"आधी तव्यावर मिरच्या भाजा. मग वाटा."

"किती?"

"पाच-सहा."

पाच-सहा? म्हणजे उद्या परत भाजा, परवा परत वाटा? बायकांना कामाची शिस्त नाही हो! मी हिशोब केला, आठ दिवसांचं एकदमच उरकू. मिरच्यांची अख्खी पिशवी तव्यावर उलटी केली. डोंगर झाला. शेगडी मोठी केली आणि मिरच्या आपल्या आपण भाजतील म्हणून बाहेर नळावर गेलो.

नळावर शेजारचा दामू होता.

"काय काका, आज जेवाचं काय?"

"कालवण टाकलंय."

"तुमी?"

"का, मला हात नाय?"

मग त्याला स्वयंपाक किती सोपा असतो ते समजावत बसलो. बायका उगाच बाऊ करतात, हेही सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं.

तेवढ्यात मागच्या घरांतून खोकल्याचे आवाज. तिथली वनिता तोंडाला पदर लावून पळत आली. "काका, गॅस सुटला! घसा जळतोय!"

आमच्याकडे घसा जळला की माणूस आधी शेजारच्या कारखान्यांकडे बघतो. दुसरं कारण असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नाही.

"थांबा!" मी गरजलो. "वारा बघा आधी!"

दोरीवर दामूची लुंगी फडफडत होती. वारा माझ्या घरावरून मागच्या घरांकडे.

"माझ्या घराच्या बाजूनं येतोय! म्हंजे पलीकडं कंपनीत सुटलाय. फडकी ओली करा. वाऱ्याला आडवं चला. शाळेच्या मैदानात!"

दामूला बंब बोलवायला लावलं. मागच्या खोलीतला भाडेकरू रामसजन अंगाला साबण फासून बाहेर आला. "चाचा, नहा तो लूँ?"

"पहले जिंदा रहो, फिर नहाओ!"

मैदानात सगळे माझ्याभोवती. शिंकत होते, पण कौतुकाने बघत होते. "काका होते म्हणून वाचलो," वनिता म्हणाली. मी छाती काढून उभा.

फोन वाजला. मला कमी ऐकू येतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर.

"आवो, सरावलीत गॅस सुटला म्हणतात! तुमी बरे हाय ना? मी निघाले."

"अजिबात यायचं नाय! सगळी आळी मी बाहेर काढलीय."

"वास कसला येतो?"

"वासाचं सोड. घसा जळतो."

"शिंका?"

रामसजनने परस्पर उत्तर दिलं.

"डोळ्यांना पाणी?"

"सगळ्यांच्या."

मग ती म्हणाली, "मिरच्या उतरवल्या का?"

वनिताने तोंडावरचं फडकं काढलं आणि माझ्याकडे बघितलं. एकेकाने काढलं. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी वाटलं, कंपनीत खरंच काहीतरी सुटावं!

सुटलं काही नाही. बंब मात्र आला. भोंगा वाजवत.

एक जवान तोंडाला मुखवटा लावून माझ्या घरात शिरला. बाहेर आला तो चिमट्यात तवा धरून. वर काळा डोंगर.

"आजोबा, काय शिजवत होतात?"

"बोंबलाचं कालवण."

"बोंबील कुठे आहेत?"

"ते अजून डब्यात हायत."

फोन अजून चालूच होता आणि बायको परत यायला निघाली होती. वनिताने माझ्या हातातून फोन ओढला. "काकी, तुमी खुशाल रहा. काकांच्या जेवाचं आमी बघतो. पण त्यांना परत काय शिकवू नका!"

पुरे आठ दिवस राहून आली. आता तर वरचेवर जाते. ती रिक्षात बसायची खोटी, आळीतून डबे सुरू. दामूकडची भाकरी, रामसजनची लिट्टी, वनिताचं बोंबलाचं कालवण. पुरुषाने स्वयंपाक शिकावा म्हणतात, ते खोटं नाही. मी एकदाच शिकलो, जन्माची सोय झाली.

फक्त वनिता डबा हातात देत नाही. आधी आत जाते, शेगडीला हात लावून बघते. गार असली तरच मला जेवण.