आधी मोनाचं

“ज्याला सगळं चालत न्हाय, त्याचं आधी भाजायचं,” असं शांतव्वा एकदा म्हणाली होती.

तेव्हा मोना लहान होती. गव्हाचा कण पोटात गेला तरी आठवडाभर अंथरूण धरायची. दिवाळीला मंगळवार पेठेतल्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन शांतव्वाच्या बेकरीत नानकटाई भाजायला येत. मोनाची आई नुसतीच उभी राहायची. त्या वर्षी शांतव्वाने सगळ्यांना थांबवलं. भट्टी आतून पुसली, भाजायचे पत्रे घासले, आणि नाचणीची बिस्किटं सर्वांत आधी आत सरकवली. तोच पुढे नियम झाला. पहाटे मोनाचं, मग बिनसाखरेचं, मग बिनअंड्याचं, आणि मैद्याची खारी शेवटी.

मोना सगळ्यांना विचारायची, “ह्यात गहू हाय काय?” शांतव्वाला तिने कधी विचारलं नाही. गडहिंग्लजहून लग्न होऊन आलेल्या त्या बाईने एवढीच एक गोष्ट मनात जपून ठेवली होती.

मग धाकटी जाऊ आली, शांभवी. केकचा कोर्स केलेली. दिराने तिला माडीवर वेगळा ओव्हन बसवून दिला. कोणाला काय चालत नाही, पीठ कसं वेगळं ठेवायचं, हे शांतव्वानेच तिला शिकवलं. वर्षभरात गिऱ्हाईक बेकरीसमोरून सरळ जिना चढू लागलं. वर ओव्हनची घंटी वाजली की खाली शांतव्वाचा हात कणकेत थांबायचा. झाकून ठेवलेलं पावाचं पीठ उबेत फुगत जातं, तसं काहीतरी तिच्या छातीत फुगत होतं.

मोनाचा साखरपुडा ठरला. तिची आई बेकरीत आली तेव्हा शांतव्वाने लगबगीने हात पुसले.

“आक्का, शांभवी वर हाय न्हवं? केकचं बोलायचं हाय.”

“हाय की. चढा.”

साखरपुड्याच्या दिवशी शांतव्वाने पहाटे आधी खारी लावली. नवरा, शिवपुत्र, म्हणाला, “मोनाचं न्हाय काय आज?”

“तिचं आता वरनं उतरतंय की.”

पण माडीवरून केकचा वास उतरला आणि तिला राहवेना. खारीचा पत्रा ओढून काढला, घाईघाईने नाचणी मळली. भट्टीच्या कोपऱ्यात खारीचे पापुद्रे पडलेले तिला दिसले. ते तिने पाहिले, बिस्किटं आत सरकवली, दार लावलं.

दुपारी मोनाच्या घरात टेबलावर केक मांडला होता. बायका भोवती जमल्या होत्या. शांतव्वा पिशवीत डबा घेऊन आली. तिची नजर केकच्या तळाशी गेली. तिथे पांढरी भुकटी होती.

“मोना, थांब!” ती ओरडली. “साच्याला मैदा लावलाय हिनं. तळ बघा की! पोरीला मारतीस काय गं?”

 शांभवीचा चेहरा उतरला.

“तांदळाचं पीठ हाय, आक्का. सकाळी पयला ह्योच केक भाजला. तुमीच शिकवलंय न्हवं?”

शांतव्वाने भुकटी चिमटीत धरून चोळली. मैदा रेशमासारखा सरकतो. हे पीठ बोटांत कुरकुरलं.

एक म्हातारी हसली. “अगं आक्का, पोट दुखतंय कुणाचं आनि ओवा देतीस कुणाला!”

बायका खदखदल्या. शांभवी हसली नाही. तिने शांतव्वासाठी खुर्ची ओढली. ते तर शांतव्वाला त्या हसण्याहून जास्त लागलं.

“गप बसा की गं,” मोना बायकांवर डाफरली. मग तिने शांतव्वाच्या पिशवीतून डबा ओढला. “केक पावण्यांला घाला. मी आधी काकूचं खातो. बाकी सगळ्यांस्नी विचारून खावं लागतंय मला. हितं विचारायचं काय?”

तिने झाकण उघडलं. नाचणीचा खमंग वास आला. तिने एक उचललं. ते तोंडाशी नेताना ती शांतव्वाकडे पाहून हसली.

शांतव्वाने ते तिच्या बोटांतून काढून घेतलं. डब्यात ठेवलं. झाकण दाबून बसवलं.

“काकू? काय झालं?” मोना म्हणाली. “रागावलासा व्हय?”

शांभवी ओढलेल्या खुर्चीमागे उभी होती. शांतव्वा तिच्या अंगावरून, डबा छातीशी धरून बाहेर पडली.