झालरीचा मासा

नातीनं शाळेच्या प्रदर्शनासाठी जो मासा निवडला, तो मी जन्मात पाहिला नव्हता. मेसमध्ये स्वयंपाकी होतो, रोहू पोत्यानं साफ केले. हा कंदीलमासा बोटाएवढा, खोल समुद्रात राहतो आणि अंगातून उजेड पाडतो म्हणे.

"आबा, आजी की झालर दे दो ना." आम्ही मराठीत बोलतो, ती इकडे उत्तरेत जन्मलेली, उत्तर हिंदीतच देते.

झालर माझ्या बायकोची, निळ्या दिव्यांची. चौदा एप्रिलच्या जयंतीला ती मला तेलीबागच्या आमच्या गॅलरीत स्टुलावर चढवायची आणि खालून ओरडायची, "वाकडी होऊन राहिली! डोळे फुटले काय तुमचे?" ती गेली, झालर पेटीत गेली. मला पाहवत नव्हती.

"देतो. पण कापायची नाही."

सून म्हणाली, "बाबा, एवढी लांब झालर माशात मावेल कशी?"

ते मला काय माहीत. मासे कापताना हात कधी थांबला नाही. पण त्या वायरीला तिच्या हातच्या गाठी आहेत. तिला कात्री लावायची नाही म्हणजे नाही.

पुठ्ठ्याचा मासा केला, उशीएवढा. दिवे मी पाठीवर लावले, गॅलरीला वरून लावतात तसे. पोरगी हसून लोळली.

"अरे आबा, लाइट पेट के नीचे होती है! नीचे से दुश्मन देखे तो लगे, ऊपर का उजाला है."

"म्हणजे लपायला दिवे लावतो?"

"हाँ!"

"लबाड आहे. आपण तर गल्लीभर दिसावं म्हणून लावतो."

पोटाखाली लावली, आत कोंबली, तरी झालर शेपटीतून बाहेर आलीच. प्रदर्शनात टेबलाखाली लोंबायला लागली. मॅडम म्हणाल्या, "बाकी काट दीजिए, कोई उलझकर गिरेगा."

मी झालरीचं टोक मुठीत धरलं. नात मधे पडली, "मैम, ये मछलियाँ झुंड में रहती हैं!"

मग काय, तिनं आणि मैत्रिणींनी झालर भिंतीवर चढवली, वह्यांची पानं फाडून मासे कातरले, दिव्या-दिव्याला एक लटकवला. पडदे ओढले. भिंतभर निळे मासे! मी अशा टाळ्या पिटल्या की मॅडम दचकल्या.

बक्षीस शेजारच्या ज्वालामुखीला मिळालं. मिळू द्या.

यंदा जयंतीला झालर गॅलरीत चढली, अख्खी, माशांसकट. मी स्टुलावर, नात खाली, कमरेवर हात.

"आबा, वाकडी होऊन राहिली! डोळे फुटले काय तुमचे?"

सुनेनं जीभ चावली. मी इतका हसलो, की तिला धावत येऊन स्टूल धरावं लागलं.