गाळलेलं पान

नयना खराडे मूळची कराडची. नवरा प्रसन्न रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर, त्यामुळे लखनऊला मानक नगरच्या कॉलनीत तिची बावीस वर्षं गेली. तिच्या मराठीत ‘अच्छा’ आणि ‘सब्जी’ कधी शिरले ते तिलाही कळलं नाही. मुलगी आर्या तर मराठी ऐकून घ्यायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. निशातगंजच्या पलीकडे एका प्रशिक्षण केंद्रात नयना शेतकऱ्यांना शिकवायची. शिकवण्याची तिला हातोटी होती. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती खडूनं, बोटांनी, वेळ पडली तर जमिनीवर उकिडवं बसून समजावून द्यायची.

२०१९च्या जानेवारीत ओडिशातल्या कोरापुटच्या डोंगरांतून बारा शेतकरी आले. सगळे कॉफीवाले, एकेकाची एकदीड एकर जमीन. लखनऊत कॉफीचं झाड औषधालाही नाही, पण भागीदारी तशी ठरली होती: माहिती एका कॉफी कंपनीची, गावं तिकडच्या एका संस्थेची आणि शिकवणं या केंद्राचं. बाराजणांत बाई एकच, सोमबारी पांगी. तिशीतली, काटक. धुक्यात दात वाजत असताना पहिला प्रश्न विचारला तो तिनंच.

“दीदी, सावलीची झाडं तोडली तर कॉफी रुसणार नाही?”

“नाही रुसणार,” नयना म्हणाली. “कंपनीनं करून पाहिलंय.”

हे उत्तर देताना तिला पुरतं ठाऊक होतं की ते अर्धंच आहे. कंपनीचा सल्लागार प्रणव याचं म्हणणं, सावली अर्धी केली की ऊन मिळेल आणि फळ वाढेल. ते खोटं नव्हतं. पण नयनानं चार महिने खपून तयार केलेल्या पुस्तिकेत एक पान होतं: उघड्या खोडावर ऊन पडलं की खोडकिड्याची मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, म्हणून साल घासा, दर मार्चात नि सप्टेंबरात खोडं तपासा, कीड लागलेलं झाड उपटून जाळा. प्रणवनं ते पान काढायला लावलं होतं.

“मॅडम, पुस्तिकेवरून आपल्याला बारा चित्रकार्डं छापायचीत. आधीच भीती घातली तर कुऱ्हाड कोण उचलणार?”

दोन दिवस ती भांडली होती. तिसऱ्या दिवशी छपाईवाला दारात उभा होता, तेव्हा तिनं सही केली.

सोमबारी गावी परतली ती ‘गावची शिक्षिका’ होऊन. चाळीस घरांत ती कार्डं घेऊन फिरली. लोकांनी तिच्या शब्दावर सावली तोडली. पहिली दोन वर्षं फांद्या फळांनी वाकल्या. मधेच करोना आला, गावभेटी बंद पडल्या आणि केंद्रानं पाहणी फोनवर उरकली. फोनवर खोड दिसत नाही.

२०२३च्या फेब्रुवारीत प्रकल्पाचा समारोप ठरला. सोमबारीचा सत्कार करायचा होता, म्हणून नयनानं तिला फोन लावला.

“येईन,” सोमबारी म्हणाली. “दीदी, झाडं पिवळी पडलीत. नुसतं हलवलं तरी कडकन मोडतात. आत भुसा आहे.”

नयनानं केंद्राच्या संचालकांना ते सांगितलं. ते फाइलीतून मान वर न करता म्हणाले, “तिला येऊ द्या. पहिल्या दोन वर्षांचं बोलेल.”

सोमबारी आली. सभागृहात तिच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाले. माइक हातात आल्यावर तिनं पिशवीतून मनगटाएवढं खोड काढून टेबलावर ठेवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत एवढंच विचारलं, “हे असं का झालं, ते कोणी सांगेल का?”

प्रणव हसून पुढे झाला. “हवामान बदलतंय, ताई. त्याला आपण काय करणार?”

टाळ्या पडायच्या आत नयना उठली. “हवामान नाही,” ती म्हणाली. “खोडकिडा आहे. सावली तोडली की तो येतो, हे आम्हाला माहीत होतं. ते पान आम्ही गाळलं. सही माझी आहे.”

कोणीतरी माइक बंद केला. चहा लागल्याचं सांगण्यात आलं.

नयनाला वाटलं होतं, बाहेर आल्यावर सोमबारी रडेल, नाहीतर बोल तरी लावेल. ती भिंतीला टेकून हार उतरवत होती.

“तुम्ही हे इथे बोललात,” ती म्हणाली. “माझ्या गावातलं कोण होतं इथे? तिथे विहिरीवर माझ्याशी कोणी बोलत नाही. सासरे म्हणतात, शहरात जाऊन आली आणि सगळ्यांचं वाटोळं केलं.”

पंधरा दिवसांत नयनाच्या हातात खुलासा मागणारं पत्र पडलं, मार्चअखेर करार संपला तो पुन्हा झालाच नाही. प्रसन्न चिडला. “खरं बोललीस, मान्य. पण आता तिच्या गावी जाऊन काय करणार?”

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि गेली. रेल्वेनं विशाखापट्टणम, तिथून जीपनं डोंगर.

गाव जमलं. उभ्यानंच तिनं सांगितलं: सोमबारीला आम्ही जेवढं शिकवलं तेवढंच तिनं सांगितलं, तिचा काही दोष नाही, चूक माझी. गावातला वयोवृद्ध माणूस, बुदु मुदुली, खाली बघून ऐकत होता.

“बरं,” तो म्हणाला. “चूक तुझी. आता तू उद्या जाशील. आमचं मेलेलं झाड त्यानं उभं राहतं का?”

लोक उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र दोन बायका कोयते घेऊन आल्या. कोणतं झाड जाळायचं ते दाखव, म्हणाल्या. नयनानं खोडाच्या सालीवरच्या उंचवट्यांवरून बोट फिरवून दाखवलं. तीन दिवस डोंगरावर धूर होता. सोमबारीच्या सहाशे झाडांतली चाळीस वाचली. सोमबारी स्वतः उपटत होती, एकेक झाड. तिचे सासरे बांधावर बसून होते. तिनं पाणी नेऊन दिलं, त्यांनी तांब्या घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

पावसाळ्यात नयनानं तिकडच्या संस्थेकडून फणसाची आणि सिल्व्हर ओकची रोपं मिळवून दिली. सावली धरायला त्यांना सातआठ वर्षं लागतील. तेवढा काळ सोमबारीला थांबता आलं नाही. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर हैदराबादेकडच्या वीटभट्टीवर गेली.

नयना हल्ली मानक नगरात मुलांना विज्ञान शिकवते आणि मार्चात, सप्टेंबरात सुट्टी काढून सोमबारीच्या गावी जाते. बुदु मुदुली आता तिच्याबरोबर बागेत हिंडतो, खोडाची साल घासतो. सोमबारीच्या घराला कुलूप आहे. सणावाराला तिचा फोन येतो. भट्टीवरच्या धुरानं खोकला लागलाय, म्हणते. आर्या कशी आहे, विचारते. कॉफीचा विषय दोघीही काढत नाहीत.