समक्ष

चौकीच्या भिंतीला टेकून ज्याची किल्ल्यांची टपरी होती, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक आणि मतदार यादीला. बाकी सगळे त्याला समक्ष म्हणत.

कारण साधं होतं. पोलिसांनी कसलाही पंचनामा केला की त्याच्या शेवटी एक ओळ येते : 'वरील सर्व आम्हां पंचांच्या समक्ष घडले, मजकूर वाचून पाहिला, खरा आहे.' त्याखाली दोन सह्या लागतात. सह्या करायला दोन रिकामी माणसं लागतात. त्यातलं एक चौकीपासून सहा पावलांवर, स्टुलावर, कायम बसलेलं. हवालदार कागद घेऊन बाहेर यायचा, हा डाव्या हातातली कानस न ठेवता उजव्या हातानं सही ठोकायचा. अशा रीतीनं वीस वर्षांत त्याच्या समक्ष घरं फुटली, जुगाराचे अड्डे उधळले गेले, दोन गोदामं जळली आणि एक म्हैस विहिरीतून वर काढली गेली. एवढ्या धामधुमीत हा गडी स्टुलावरून एकदाही उठला नव्हता.

"घरात दूध उतू गेलेलं ह्यांना दिसत नाही," बायको शेजारच्या इस्त्रीवालीला सांगायची, "आणि म्हणे समक्ष!"

"दूध काय मी पंच म्हणून बघायचं?" तो म्हणायचा.

दिसायची ती फक्त किल्ली. तिचा एकेक दात तो असा घासायचा, जसा सोनार मंगळसूत्राचा मणी बसवतो. कंपनीवाले गाडीच्या किल्लीसाठी महिनाभर टांगून ठेवत, समक्ष दोन दिवसांत हातावर ठेवायचा. आणि आपण केलेल्या प्रत्येक किल्लीच्या मानेवर बारीक खाच मारायचा, तिळाएवढी. आपलं लेकरू गर्दीत ओळखू यावं म्हणून.

तर एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, एक लांबलचक पांढरी गाडी फूटपाथवर चढली, इस्त्रीवालीच्या हातगाडीला उडवून थेट चौकीच्या भिंतीत घुसली. आरोपीनं स्वतः चौकीत येऊन आदळावं, अशी सोय पोलिसांची कधी झाली नव्हती. इस्त्रीवालीचं उजवं मनगट तुटलं. निखारे रस्ताभर झाले. समक्षनं हे काही पाहिलं नाही. एका तिजोरीच्या किल्लीचा शेवटचा दात बाकी होता. धडाम ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "हळू रे!"

गाडीतून जे पोर उतरलं ते साडेसोळा वर्षांचं. मित्राचा वाढदिवस सकाळीच साजरा करून आलं होतं आणि चौकीच्या भिंतीलाच 'सॉरी अंकल' म्हणत होतं. बाप म्हणजे सोफ्यांच्या तीन मजली दुकानाचे मालक, सोफाशेठ. पोरानं फोन केला. पाऊण तासात शेठ आले, वकील आले, आणि घरचा ड्रायव्हर आला, केस विंचरून, भांग पाडून. आल्या आल्या तो म्हणाला, "गाडी मी चालवत होतो."

हवालदारानं लिहून टाकलं. चालक अमुक. पोर मागच्या सीटवर, झोपलेलं. जप्त वस्तू : गाडीची मूळ कंपनीची किल्ली, एक. आणि कागद घेऊन तो बाहेर आला.

"समक्ष, मार सही."

ह्यानं पेन उचललं. कागदावर जप्तीची किल्ली पिशवीत घालून ठेवली होती, वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून. ह्याचं पेन थांबलं.

"मूळ कंपनीची?"

"मग?"

"कंपनीला असा दात पाडता येईल का बापजन्मात? ही माझी आहे."

"अरे तुझी असो नाहीतर माझ्या सासऱ्याची! सही कर."

"करतो ना. आधी नीट लिहा. 'कंपनीची' खोडा. ही खाच बघा, हात लावून बघा."

हवालदारानं डोळे वटारले, कोपरानं ढोसलं, पण समक्षच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. खोट्याचा राग त्याला अजिबात नव्हता, श्रेय कंपनीला जात होतं त्याचा होता. आवाज एवढा चढला की सकाळच्या बंदोबस्तावरून नुकत्याच परतलेल्या फौजदारीणबाई आतून बाहेर आल्या.

"तुझी किल्ली? कोणाला करून दिली होतीस?"

"त्या पोराला. मागल्या महिन्यात."

मग सगळं भराभर उलगडलं. ड्रायव्हरला बाईंनी एवढंच विचारलं, "तुझी किल्ली कुठाय?" त्यानं शेठकडे पाहिलं, मग इस्त्रीवालीला आत्ता कुठे रिक्षात घालत होते तिकडे पाहिलं, आणि खिशातून मूळ किल्ली काढून टेबलावर ठेवली. "बाई, घरी म्हातारी आई आहे, मला आत नाही जायचं. मी गाडीत नव्हतोच, आताच घरून भांग पाडून आलोय." पोराला फुंकायला लावलं, दारू मोजायच्या यंत्राचा काटा मुक्कामाला गेला. रक्त तपासायला नेलं.

"पोराचं मुलांच्या मंडळापुढे चालेल," बाईंनी शेठला सांगितलं. "पंचविशीपर्यंत लायसन विसरा. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आणि अज्ञान पोराच्या हाती गाडी दिली म्हणून तुम्ही आत. तीन वर्षांपर्यंत."

"मी?" तोपर्यंत 'माझं लेकरू, माझं लेकरू' म्हणून छाती बडवणारे शेठ थांबले.

वकील कानाशी लागला. "गाडी नेल्याचं तुम्हाला माहीतच नव्हतं, असं सिद्ध झालं तर सुटाल."

लेकराचं कार्टं व्हायला एवढंच पुरलं. "चोर आहे कार्टं!" शेठ ओरडले. "माझ्या अपरोक्ष किल्ली केली! आणि हा, हा किल्लीवाला! ह्यानं दिली पोराला किल्ली! ह्याला धरा!"

"शेठ, किल्ली करायला दिली तेव्हा तुम्ही समोर गाडीत बसला होता की," समक्ष म्हणाला.

"कोण म्हणतं?"

म्हणणारा हा एकटाच. बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं : बापाला माहीत होतं हे ठरलं नाही, तर मालकाला न विचारता किल्ली पाडल्याबद्दल गुन्हा तुझ्यावर. टपरी उठेल ती उठेलच.

 

पाच महिन्यांनी शेठचा खटला उभा राहिला. कोर्ट चौकीच्या समोरच, रस्ता ओलांडला की. समक्ष न्यायाधीशबाईंपुढे पिंजऱ्यात उभा राहिला, आणि शेठच्या वकिलानं कागदांचा भारा टेबलावर टाकला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"ह्या दिवशी अकरा वाजता तुम्ही जुगाराच्या धाडीला हजर होता. आणि त्याच दिवशी अकरा वाजता, सहा मैलांवर, जळालेल्या गोदामात. कसे गेलात? उडत?"

लोक हसले. समक्षनं मागच्या बाकाकडे पाहिलं. बायको बसली होती. शेजारी इस्त्रीवाली, मनगट अजून वाकडंच. हजर होतो म्हणावं तर हसं, नव्हतो म्हणावं तर वीस वर्षं पाण्यात.

"मी टपरीतच होतो साहेब. सह्या माझ्या आहेत. वाचलं एकदाही नाही."

वकिलाला स्वर्ग दोन बोटं उरला. "ऐकलंत, बाईसाहेब? शहाणा माणूस न वाचता सही करत नाही! आणि जो करतो त्याच्या सांगण्यावर एका प्रतिष्ठित गृहस्थाला आत टाकायचं?"

"सही!" समक्ष एकदम म्हणाला. "बाईसाहेब, शेठची सही आहे माझ्याकडे! गाडीची किल्ली असली की मालकाची सही घ्यायची, चौकीनंच वही लावून दिली होती."

"मग इतके दिवस?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"विसरलो. चौकीही विसरली."

"आहे कुठे?"

तो खाली बघत पुटपुटला, "स्टुलाच्या आखूड पायाखाली."

"आणि त्यात सही आहे, हे नक्की?"

"पोरानं वही गाडीपाशी नेली आणि परत आणली. मी... मी किल्ली घासत होतो. पाहिलं नाही."

बायकोनं कपाळावर हात मारला, उठली, आणि पाच मिनिटांत धापा टाकत वही घेऊन आली. अर्धी दबून पापड झालेली. न्यायाधीशबाईंनी पान काढलं. गाडीचा नंबर बरोबर. 'किल्ली कोणासाठी' ह्या रकान्यात पोरानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'माझ्यासाठी.' पुढे सही, सोफ्यासारखी ऐसपैस, शेवटी शेपटी, खाली दोन टिंबं.

"ही सही पोरानंच ठोकलेली असणार," वकील घाईनं म्हणाला. "चोर आहे, खोटी सही करायला कितीसा वेळ?"

"ह्याट!" सोफाशेठ जागचे उठले. "माझी सही त्या कार्ट्याला जमेल? अहो, त्या शेपटीला वळण लागतं हाताला! बँकेचा मॅनेजर म्हणतो, शेठ, तुमची नक्कल होणं नाही!"

 वकिलानं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे... केली मी," शेठ हळूहळू बसत म्हणाले. "पण वाचलं नव्हतं. फोनवर होतो."

"वकीलसाहेब," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मघाचं ते शहाण्या माणसाचं वाक्य पुन्हा सांगता का? लिहून घ्यायचं राहिलं."

शेठला आठ महिन्यांची सजा लागली. पांढरी गाडी आवारात बुरखा घालून उभी. पोर शाळेला बसनं जातं, आणि त्याची आई 'आठ वर्षं बस!' असं काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखं सांगते. इस्त्रीवालीच्या मनगटाबद्दल तिनं अजून विचारलेलं नाही. समक्षची टपरी वाचली. पण त्याच्या जुन्या सह्या एकेक करून बाहेर निघतायत, आणि आठवड्यातून दोन दिवस तो कुठल्या ना कुठल्या कोर्टात उभा राहून 'वाचलं नव्हतं' म्हणतो. म्हैसवाल्याचा वकीलसुद्धा येऊन गेला.

चौकीनं पंच बदलला. जवळचं दुसरं माणूस म्हणजे इस्त्रीवाली. हवालदार कागद आणतो, ती पदरानं हात पुसते आणि म्हणते, "दाखवा आधी." मग एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचते, जप्तीची वस्तू उलटीपालटी करते, जागा बघायला स्वतः चालत जाते. परत येऊन डाव्या हातानं सही करते. तिला तास-दीड तास लागतो. हवालदार उन्हात उभा राहून घाम पुसतो.

"वहिनी, काय निघालं?" समक्ष शेजारून मान उंच करतो.

"तुम्ही आपली किल्ली घासा, भावजी," ती वर न बघता म्हणते. "मी वाचतेय."