गिरणीच्या दारावरचा आजचा शब्द

पालमच्या गिरणीवाल्या काकू कुजबुजल्या तरी समोरच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना सगळं ऐकू जाई. उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेलेला, पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवत. गिरणी बंद झाली तरी काकूंचा आवाज चालूच. मी समोरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, शाळेत शिकवायचो. मला गजर कधी लावावा लागला नाही.

त्यांचा मुलगा स्वीडनला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. नात झाली, बोलू लागली, पण फक्त स्वीडिश. व्हिडिओ कॉलवर काकू "काय गं माझे साळुंके!" म्हणत आणि नात कानांवर हात ठेवून पळे. "गुरुजी, लेकरू मला भ्यायलंय," काकू एकदा म्हणाल्या. "दिवाळीला येणार हाय. हितं आल्यावर बी असंच पळालं, तर मी काय करू?" त्या बाईच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

मग मुलगा रोज फोनवर एक स्वीडिश शब्द म्हणून पाठवू लागला. गिरणीच्या पत्र्याच्या दारावर पिठाचा थर कायम असे. काकू त्यात बोटानं तो शब्द लिहीत आणि अख्ख्या रांगेकडून म्हणवून घेत. "आजचा शब्द बोला, मंग दळण टाकते." ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बाया 'सूल' म्हणजे सूर्य, 'म्योल' म्हणजे पीठ, असं घोकत उभ्या राहत. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरमामा मात्र 'वात्तेन'वर, म्हणजे पाण्यावर, अडले. पुढचा कुठलाही शब्द विचारा, मामा वात्तेनच म्हणत. वर आणखी, "आमची गाडी तितंच पंक्चर हाय." काकू कपाळावर हात मारत आणि दळण टाकत.

एक शब्द त्यांनी दारावर कधीच लिहिला नाही. 'फारमूर', म्हणजे बापाची आई. "त्यो मी शिकून काय करू? त्यो तिनं म्हणायचा हाय."

दिवाळीत नात आली ती रिक्षातून उतरून थेट आईच्या मागे लपली. काकूंनी गिरणी बंद केली, तोंड उघडलं आणि गप्प उभ्या राहिल्या. मोठ्यानं बोलायची भीती, हळू बोलायची सवय नाही. पाठ केलेलं सगळं पार उडालं. दळणाच्या रांगेतली माणसं डबे खाली ठेवून पुढे सरकली.

दारात पाहुणा आला की आमच्याकडे आधी पाणी देतात. ड्रायव्हरमामांनी तांब्या भरला, पोरीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "वात्तेन." आईनं पिशवीतली बाटली काढेपर्यंत पोर घटाघटा पाणी प्यायलीसुद्धा. मग बायांनाही धीर आला. एकीनं उन्हाकडे बोट करून 'सूल' म्हटलं. काकूंनी मूठभर गरम पीठ नातीच्या ओंजळीत सोडलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलल्या, "म्योल."

"म्योल, फारमूर," पोर म्हणाली आणि तिनं ते पीठ काकूंच्या नाकाला फासलं. काकू तशाच, पांढऱ्या नाकानं, दिवसभर दळत होत्या.

पुढे माझी बदली देवगाव फाट्याकडे झाली. परवा दुपारी मुद्दाम पालमला गेलो. दारावर शब्द होता, 'दळण'. आता शब्द इकडून जातो. नात रोज मागून घेते. काकूंनी फोन रांगेसमोर धरला. "समद्यांनी म्हणा. पण हळू म्हणा रे बाबांनो, लेकरू हाय."

रांग अगदी हळू म्हणाली, "दळण."

पलीकडून नात "दळण!" म्हणून अशी ओरडली, की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली.