पैसे भरा, मग सापडा!

सायबर कॅफेतले किस्से म्हणजे टेबलामागच्या वायरींचा गुंता. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात! त्यात आमच्या शिरूरचं लोडशेडिंग. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद आणि आमची तोंडं सुरू. काम किती झालं ते विचारू नका, किस्से मात्र पोत्यानं जमले.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. एसटी स्टँडसमोर आमच्या विलासचा कॅफे. विलास मालक, कवठे येमाईहून रोज एसटीनं येणारी शैला टायपिंगला, आणि मी स्कूटरवरून गावभर हिंडायला. पुण्यात कोर्स करून आलेल्या विलासनं एक दिवस जाहीर केलं, "आपण आपलं स्वतःचं सर्च इंजिन काढायचं. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके! दुकानं, डॉक्टर, हॉटेलं, सगळं एका क्लिकवर!"

अट एकच. जो वर्षाची फी भरेल, त्याचंच नाव आत. "फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही रे," हे त्याचं पालुपद.

घाई होती ती कासुर्डीच्या सुरेखामुळं. कांदेपोहे झाले होते, गडी पार विरघळला होता. पण तिचे वडील, आबा, म्हणाले होते, "पोरगा बरा हाय. पर त्याचं ते इंटरनेट चालतंय का न्हाई, ते दिवाळी झाली की येऊन बघतो. मग सुपारी फोडू."

म्हणजे सर्च इंजिन चाललं तर लग्न, नाहीतर विलासला दुसऱ्या घरची पोह्याची बशी!

*

मी पहिल्यांदा गेलो बियाण्याच्या दुकानवाल्या आप्पांकडं. सगळं समजावून सांगितलं. आप्पांनी समोरच्या, बियाण्याच्याच दुकानाकडं हनुवटी केली.

"त्यानं भरलं का?"

"नाही अजून."

"मग मी कशाला भरू?"

रस्ता ओलांडून समोर गेलो. ते म्हणाले, "आप्पानं भरलं का?" परत आप्पांकडं. म्हटलं, "आप्पा, तुम्ही भरा, मग ते भरतात. तुम्ही त्यांच्या पुढं जाल!"

आप्पा मायेनं हसले. मला चहा पाजला. म्हणाले, "आरं, आत्ता दोघंबी त्यात न्हाईत, म्हंजी बरोबरीतच हाय की! ती मोडायला पैसं कशाला घालवू?"

*

डॉक्टरांपैकी फी भरली एकट्यानं. शैला म्हणाली, "यांचा वेगळा कप्पा करू का?" विलास म्हणाला, "एकच तर डॉक्टर आहे. नुसतं 'डॉक्टर' लिही."

एमआयडीसीत नवीन आलेले एक साहेब गाल धरून कॅफेत शिरले. दाढ ठणकत होती. आम्ही मोठ्या अभिमानानं आमचं इंजिन उघडून दिलं. एकच नाव आलं, कवठे येमाईचं. साहेब मोटरसायकलला किक मारून गेलेसुद्धा.

ते डॉक्टर जनावरांचे होते!

पण माणूस दिलदार. आलेल्याला तसं कसं पाठवायचं म्हणून त्यांनी तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारून नीट बघितलं आणि म्हणाले, "एक दाढ किडलीय, ती माणसांच्या डॉक्टरकडून काढून घ्या. बाकी दात एक नंबर! बाजारात बरी किंमत येईल."

साहेबांनी हे आम्हाला स्वतः येऊन सांगितलं, सुजलेला गाल दाबून हसत. त्यांचा मोठेपणा, नाहीतर आमची धडगत नव्हती.

*

दौंडचा एक पत्र्याची शेड ठोकणारा मात्र हौशी निघाला. म्हणाला, "समद्या कप्प्यात माझंच नाव टाका. भरतो." विलास खूश! तेव्हापासून हॉटेल शोधा, ब्यूटी पार्लर शोधा, शेडवालाच यायचा.

एका वधूपित्यानं 'मंगल कार्यालय' शोधलं आणि त्याला फोन लावला. "कार्यालय मिळंल का?"

शेडवाला म्हणाला, "तयार तर न्हाई. तारीख कवाची हाय? बांधून देतो!"

*

गिऱ्हाईकं यायची, आमच्याच खुर्चीत बसायची आणि ते परदेशातलं फुकटचं सर्च इंजिन उघडायची. विलासचा जीव नुसता तीळतीळ तुटायचा. एक दिवस त्यानं शैलालाच रंगेहाथ पकडलं.

"शैले, तू पण?"

"मग काय करू? तुमच्यात पैसं भरलेलं सापडतं. मला पाहिजे असलेलं ह्यांच्यात सापडतं."

"अगं, पण फुकट देऊन त्यांचं चालतं कसं?"

शैलानं स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "जत्रेत फिरायला तिकीट असतं व्हय? गर्दी झाली की पाळणेवाला आपणहून जागेचं पैसं घेऊन येतो. तुम्ही वेशीवरच पावती फाडताय, जत्रा भरंल कशी?"

मी टाळी दिली. त्या दिवशीचा चहा विलास एकटाच प्यायला.

*

आणि दिवाळी झाल्यावर आबा आले. सोबत सुरेखा. विलासनं नवा शर्ट घातलेला, कॅफेत उदबत्ती लावलेली. मी देवाला एकच साकडं घातलं, लाइट जाऊ देऊ नको.

लाइट गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं!

आबा खुर्चीत टेकले. "पोरी, तू क्लास केलाय न्हवं? ह्यांचंच दुकान काढून दाखव ह्यांच्या मशिनीत."

सुरेखानं कॅफेचं नाव टाइप केलं. स्क्रीनवर आलं, 'माहिती उपलब्ध नाही.'

आबांनी चष्मा वर केला. विलासला घाम फुटला. "ते... आबा, त्याचं काय आहे... आम्ही फी भरलेली नाही."

"कुणाला?"

"आम्हालाच."

शैलानं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. मी छताकडं बघायला लागलो. गेलं लग्न, म्हटलं!

सुरेखानं गुपचूप ते फुकटचं इंजिन उघडलं, तेच नाव टाकलं. पहिल्याच ओळीत आमचा कॅफे! नाव, एसटी स्टँडसमोरचा पत्ता, फोन नंबर. आमच्या इंजिनच्या वेबसाइटच्या तळाशी आम्हीच लिहिलेलं ते त्यानं न विचारता उचललं होतं.

आबांनी स्क्रीनकडं बघितलं. मग विलासकडं. मग पोरीकडं वळून म्हणाले, "हे आसं हाय बघ. तुझं काय म्हणणं?"

सुरेखानं पदर सावरला. विलासकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं आणि हसू दाबत म्हणाली, "माझी काय हरकत न्हाई, आबा. फक्त ह्यांच्या रेशनकार्डात माझं नाव घालायचं किती घेणार, तेवढं आत्ताच विचारून घ्या!"